यूए १३+ लिहिलं होतं, मुलगी चौदाची होती, मग चुकलं कुठं?

या आठवड्यात एकच पत्र घेतेय. नाव-गाव काढलंय आणि थोडं छोटं केलंय, बाकी शब्द त्यांचेच आहेत.

"ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. सहा एकर शेती, कपाशी आणि सोयाबीन. मागच्या महिन्यात नागपूरला दिराकडे गेलो होतो तेव्हा सगळे मिळून एक मराठी सिनेमा बघायला गेलो. मी, हे, सासूबाई, मुलगी चौदा वर्षांची आणि मुलगा आठचा. ट्रेलरमध्ये पोळ्याचं गाणं होतं, बैल सजवलेले, नवरा-बायकोची थट्टामस्करी, वाटलं आपल्याकडचाच सिनेमा आहे, पोरांना दाखवू. तिकीट काढायच्या आधी मी दिराला विचारलं पण होतं की मुलांना चालेल ना, त्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं यूए १३+ आहे, पोरगी तर चौदाची आहे आणि लहानग्याला काय कळतंय. इंटरव्हलनंतर त्यात शेतकरी औषध घेतो. सगळं दाखवलंय ताई. माझा सख्खा भाऊ आठ वर्षांपूर्वी असाच गेला. मुलगी तेव्हा सहाची होती, तिला आम्ही मामाला अटॅक आला असंच सांगितलं होतं. तो सीन चालू झाला आणि मी तोंडात पदर कोंबून रडायला लागले, ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. परत येताना गाडीत म्हणाली, मामा पण असाच गेला ना? मी म्हटलं, गप बस. त्या दिवसापासून बाबांनी फोन उचलला नाही की ती शेतात पळत जाते. गोठ्यातल्या फळीवरचे फवारणीचे डबे तिने दोनदा उचलून बाहेर नेऊन ठेवले. रात्री उठून ह्यांचा श्वास चालू आहे का बघते. हे म्हणतात सिनेमाच होता, होईल नीट. सासूबाई म्हणतात तू रडलीस म्हणून पोरीच्या मनात भरलं. मुलगा मजेत आहे, त्याला फक्त बैल आठवतात. ताई, मी सर्टिफिकेट बघून गेले होते. चूक माझी का त्या सर्टिफिकेटची?"

तुम्ही मला ताई म्हटलंत, तर ताईच्याच हक्काने आधी एक सांगते, चूक तुमची नाही. तुम्ही विचारलंत, दिराने बघितलं, आकडा मुलीच्या वयात बसत होता, कुठल्याही आईने याच्यापेक्षा जास्त काय करायचं असतं. आणि सासूबाईंना पण सांगा की भाऊ गेलेली बाई तो सीन बघून रडणारच, त्यात पोरीच्या मनात काही भरवणं वगैरे नाहीये.

आता सर्टिफिकेटचं. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण मला गेल्या वर्षभरात अशी पत्रं वेगवेगळ्या कारणांनी आलीत आणि प्रत्येकात एक वाक्य असतंच, "पण १३+ लिहिलं होतं". आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं बसलंय की १३+ म्हणजे कुणीतरी सिनेमा बघून ठरवलंय की तेरा वर्षांच्या मुलाला याने त्रास होणार नाही. तसं ते नाहीये.

आपल्याकडे सिनेमाचा कायदा १९५२ चा. सेन्सॉर बोर्ड आपण म्हणतो पण १९८३ पासून त्याचं नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे, म्हणजे सर्टिफिकेट देणारं मंडळ. यू म्हणजे सगळ्यांसाठी, ए म्हणजे फक्त अठराच्या पुढच्यांसाठी, एस म्हणजे डॉक्टर वगैरे ठरावीक लोकांसाठी, तो आपल्याला कधी दिसतच नाही. आणि मधला यूए, तो १९८३ मध्ये आला. इतकी वर्षं यूए एकच होता, बाराच्या खालच्या मुलांना आईवडिलांच्या जबाबदारीवर दाखवा असा. मग २०२३ ला कायदा बदलला, २०२४ ला त्याचे नियम आले आणि यूएचे तीन तुकडे झाले, ७+, १३+ आणि १६+. हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही, सात वर्षांच्या मुलाला आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एकाच टोपलीत टाकणं चूकच होतं.

पण यातलं कुलूप फक्त ए ला आहे. ए सिनेमाला अठराच्या खालच्याला आत सोडायचंच नाही, मग आईवडील सोबत असले तरी. यूएच्या तिन्ही पायऱ्या म्हणजे पालकांना दिलेला सल्ला आहे, तुम्ही बघा आणि ठरवा. म्हणून तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला दारावर कुणी अडवलं नाही, अडवायचा त्यांना अधिकारही नाही. ठरवायचं तुम्ही. आणि माझं खरं भांडण इथेच आहे बघा. ठरवायचं आईने, पण ठरवायला जे लागतं ते आईच्या हातात कुणी दिलंच नाही. सिनेमात काय आहे ते बोर्डाच्या माणसांनी पूर्ण बघितलेलं असतं. त्यांना माहीत असतं की दुसऱ्या भागात आत्महत्या आहे, दाखवलेली आहे, इतकी मोठी आहे. त्याच्यावरूनच ते १३ का १६ ते ठरवतात. आणि मग ते सगळं स्वतःकडेच ठेवून बाहेर पाठवतात फक्त एक आकडा.

शिवाय तो आकडा ठरतो कसा, तेही बघा. बोर्डाला १९९१ साली सरकारने आखून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात असं म्हटलंय की सिनेमाचा एकूण परिणाम बघून निर्णय घ्यायचा, सुटा सीन धरून नाही. सिनेमा म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर एकही चांगला सिनेमा सुटायचा नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा सिनेमा एकूणात कदाचित माणुसकीचाच असेल, प्रश्न मांडणारा असेल, त्याला १३+ मिळणं यात मला काही गैर वाटत नाही. पण त्रास एकूण परिणामाने होत नसतो ना, तो त्या दोन मिनिटांनी होतो. तुमच्या मुलीला सिनेमाचा शेवट किती आशादायी होता ते आठवत पण नसेल.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. निर्मात्यांना ए नको असतो, कारण ए मिळाला की घरची माणसं मुलाबाळांना घेऊन येत नाहीत आणि टीव्हीवर तो सिनेमा तसाच दाखवता येत नाही, म्हणजे दोन्हीकडून पैसे जातात. म्हणून मग कट घेतले जातात. इथली शिवी म्यूट करा, तिथलं रक्त कमी करा, हा सीन इतक्या सेकंदांनी छोटा करा, आणि मग खालचं सर्टिफिकेट घ्या. यात कुणी लबाडी करतंय असं मी म्हणत नाही, पद्धतच तशी आहे. पण मला सांगा, औषध घेतल्याचा सीन चाळीस सेकंदांचा वीस सेकंद केला तर ज्या घरात ते घडलंय त्या घरातल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? शिव्या आणि रक्त मोजता येतं, म्हणून ते मोजलं जातं. तुमच्या भावाच्या सीनमध्ये कदाचित एक थेंब रक्त नसेल, एक शिवी नसेल.

तुमच्या पत्रातला मुलगा मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. आठ वर्षांचा, आकड्याच्या हिशोबाने त्याने तिथे नको होतं, आणि तो मजेत आहे, बैल आठवतोय. चौदाची, जिला आकड्याने परवानगी दिली, ती रात्री उठून बापाचा श्वास बघतेय. वय हा एक अंदाज आहे हो, भीती आणि कळण्याची शक्ती साधारण वयाप्रमाणे बदलते म्हणून तो उपयोगी आहे, पण कुणाच्या घरात काय घडून गेलंय ते वयाला माहीत नसतं. आणि मोठ्यांचं तर कुणी बोलतच नाही. तुम्ही स्वतः कितीच्या असाल, अडतीस-चाळीस? तुमच्यासाठी तर कुठलंच सर्टिफिकेट नाही, तुम्ही मोठ्या आहात म्हणजे तुम्हाला सगळं चालतं असं गृहीत धरलंय.

माझे वडील गेले तेव्हा शेवटचे अकरा दिवस आयसीयूच्या बाहेर काढले होते मी. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मैत्रिणींनी जबरदस्तीने एका सिनेमाला नेलं, हलकाफुलका, यू सर्टिफिकेट, लहान पोरं भरलेली थिएटरात. मध्येच आजोबा हॉस्पिटलमध्ये, काही नाही, एक-दीड मिनिट, ते बरे होऊन घरी पण येतात. पण मागे त्या मशीनचा टी टी टी असा आवाज होता. मी उठले, रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर गेले आणि बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून उभी राहिले, कारण बाहेरूनही तो आवाज ऐकू येतोय असं वाटत होतं. हे सांगायचं कारण, मी असं म्हणणार नाही की बोर्डाने माझ्यासाठी मशीनच्या आवाजाची पण सूचना द्यायला हवी होती. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, सगळ्यांची यादी कुणीच करू शकत नाही. पण काही गोष्टी इतक्या घरांत घडलेल्या असतात की त्यांची सूचना द्यायलाच हवी. आत्महत्या, बलात्कार, लहान मुलाचा मृत्यू, घरात होणारी मारहाण. विदर्भात-मराठवाड्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येचा सीन असलेला सिनेमा लावताना थिएटरात अशी माणसं बसलेली असणारच, हे काही कुणाला नव्याने सांगायला नको.

आणि हे जमत नाही असं नाही, बघा. ब्रिटनच्या बोर्डाची पद्धत बघा, तिथे सिनेमा सुरू व्हायच्या आधी सर्टिफिकेटचं कार्ड येतं त्याच्यावरच एक ओळ असते, हिंसा किती, आत्महत्येचा उल्लेख आहे का, भाषा कशी आहे. ज्याला अजून हवं त्याच्यासाठी वेबसाइटवर सविस्तर असतं. आपले हिंदी सिनेमे तिथे लागतात तेव्हा त्यांनाही ही ओळ लागते, म्हणजे लंडनमध्ये बसलेल्या आपल्याच माणसाला जे कळतं ते नागपुरात बसलेल्या तुम्हाला कळत नाही. नेदरलँड्समध्ये छोटी चित्रं असतात, भीतीसाठी वेगळं, मारामारीसाठी वेगळं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही समजेल. अमेरिकेतही १९९० पासून सर्टिफिकेटसोबत कारण देतात.

लांब कशाला जायचं, आपल्याच देशात २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना हे करायला लावलंय. वयाचा आकडा तर द्यायचाच पण सोबत आत काय आहे तेही बघणाऱ्याला आधी सांगायचं. म्हणून तुम्ही फोनवर काही लावलंत की सुरुवातीला वरच्या कोपऱ्यात आकड्याखाली बारीक अक्षरांत येतं ना, हिंसा, आत्महत्या, शिवीगाळ वगैरे. ते सर्टिफिकेट तिथली कंपनी स्वतःच देते, त्यामुळे कुठे नीट असतं कुठे नसतं, आणि बऱ्याचदा इंग्रजीतच असतं हा वेगळाच वैताग. पण असतं. म्हणजे तोच सिनेमा दोन महिन्यांनी फोनवर आला की त्याच्यावर ओळ दिसणार, जिथे बंद करायचं बटण तुमच्या बोटाखाली आहे. आणि जिथे अंधार आहे, आवाज चारी बाजूंनी आहे, दोन्हीकडे माणसं बसलीयत आणि उठायची लाज वाटते, तिथे फक्त आकडा. हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आणि सिगरेट. पडद्यावर कुणी सिगरेट पेटवली की खाली पांढऱ्या अक्षरात ओळ येते, धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे, तो सीन संपेपर्यंत राहते. सुरुवातीला आणि इंटरव्हलनंतर त्याची जाहिरात वेगळी. ते असू द्या, माझा काही विरोध नाही. पण म्हणजे सूचना द्यायची म्हटली की देता येते, सिनेमा त्याने बुडत नाही, लोक थिएटरात जायचे थांबत नाहीत, हे आपण दहा-बारा वर्षं बघतोय. मग त्या शेतकऱ्याच्या सीनसाठी निदान सुरुवातीला एक ओळ आणि हेल्पलाइनचा नंबर का नाही? काही निर्माते स्वतःहून देतात, त्यांचे मनापासून आभार. पण ते त्यांच्या चांगुलपणावर चाललंय, नियमावर नाही.

याच्यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं की आधीच सांगितलं तर गोष्ट फुटते. अहो, "या चित्रपटात आत्महत्येचं दृश्य आहे" एवढ्याने कोण, केव्हा, का, यातलं काही फुटत नाही. दुसरं उत्तर जरा विचार करण्यासारखं आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रवाल्यांनी यावर बरेच प्रयोग केलेत आणि त्यात असं दिसलंय की आधी सूचना दिली म्हणून बघताना होणारा त्रास फारसा कमी होत नाही, उलट वाट बघताना थोडी धाकधूक वाढते. मला ते खरंही वाटतं. तुम्हाला आधी माहीत असतं तरी तुम्ही रडलाच असतात. पण तुम्ही मुलीला शेजारी घेऊन रडला नसतात ना! सूचना हे औषध नाहीच. पण तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही ठरवलं असतं, आज नको, किंवा मी आणि हे बघू, पोरांना आत्याकडे ठेवू, किंवा बघू पण आधी मुलीशी बोलू. ते ठरवायचा तुमचा हक्क होता आणि तो तुम्हाला मिळाला नाही.

थिएटरात तो सर्टिफिकेटचा कागद पडद्यावर येतो तेव्हा आपण काय करत असतो? सीट नंबर शोधत असतो, मोबाइलचा टॉर्च मारून. तिकीट काढलेलं असतं, दोनशे-तीनशेचे पॉपकॉर्न घेतलेले असतात, पाच माणसं गाडी करून आलेली असतात. दहाएक सेकंद तो दिसतो आणि जातो. त्या वेळेला कळून पण काय उपयोग.

आता तुमच्या घरचं, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून सावकाश वाचा.

मुलगी डबे उचलून बाहेर ठेवतेय यावरून तुम्हाला ती घाबरली असं दिसतंय. मला त्यात अजून एक दिसतंय, ती बरोबर करतेय. फवारणीचं औषध गोठ्यातल्या फळीवर, कुणाच्याही हाताला येईल असं ठेवायचंच नसतं. जगभर यावर काम करणारे हेच सांगतात की औषध कुलुपात असलं, सहज हाताशी नसलं, की त्या एका वाईट क्षणातून माणूस निघून जाऊ शकतो. तेव्हा या रविवारी हे आणि मुलगी दोघांनी मिळून एक पत्र्याची पेटी आणायची, राहत्या घरापासून लांब ठेवायची, सगळे डबे त्यात, कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडे. ह्यांनी नाही म्हटलं तर सांगा ताईने सांगितलंय. तिच्या समोर करा. तिला कळू दे की ती वेडी नाहीये, तिचं ऐकलं गेलंय.

ती फोन न उचलल्यावर शेतात पळते, त्यावर रागावू नका. ह्यांना सांगा की काही दिवस दुपारी ठरलेल्या वेळेला स्वतःहून तिला फोन करायचा, एक वाक्य, जेवलो, येतो सहाला. तिला वाट बघायला लागू नये एवढंच. ह्यांना हे पोरखेळ वाटेल, पण महिनाभर करा म्हणावं.

आणि मामाचं तिला खरं सांगा. तुम्ही लपवलंत ते मला कळतं, सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार, आणि गावात लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे, सगळ्यांनी हेच केलं असतं. पण आता तिला कळलंय. गाडीत तिने विचारलं आणि तुम्ही गप बस म्हणालात, त्यातून तिला दोन गोष्टी कळल्या, एक की मामा असाच गेला, आणि दुसरी की याच्यावर या घरात बोलायचं नाही. दुसरी जास्त भीतीदायक आहे, कारण मग बाबांच्या मनात काही असलं तर तेही कुणी बोलणार नाही, असं तिला वाटणार. म्हणून ती स्वतःच पहारा देतेय. पहारा देणारं लेकरू झोपणार कसं?

भाषण नको. भांडी घासताना, कापूस वेचताना, कधीही, तिला सांगा, "त्या दिवशी तू विचारलंस ना, मी गप बस म्हटलं, ते चुकलं माझं. हो, मामा असाच गेला. त्याला खूप त्रास होत होता आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं असतं तर आम्ही त्याला एकटं सोडलं नसतं. यात तुझी चूक नाही, माझी नाही, कुणाची नाही." कसं झालं, कुठे झालं हे बारीक सांगायची गरज नाही, तिने विचारलं तर थोडक्यात. रडू आलं तर रडा, तिच्यासमोर रडलात म्हणून काही बिघडत नाही. आणि मग ह्यांनी, त्यांच्या तोंडून, तिला सांगायचं की मला कधी फार जड झालं तर मी तुझ्या आईला सांगेन, मी लपवणार नाही. हे वाक्य तिला बापाकडूनच ऐकायचंय, तुम्ही कितीही वेळा सांगितलंत तरी चालणार नाही. आणि ह्यांनी ते म्हणण्याआधी तुम्ही दोघांनी एकदा बसून कर्जाचं, पिकाचं, खरं काय चाललंय ते बोला, म्हणजे ते वाक्य खोटं ठरणार नाही.

झोप, खाणं, अभ्यास याच्यावर अजून दोन-तीन आठवडे असाच परिणाम राहिला तर वाट बघू नका. टेलि-मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण करू शकता, आठ वर्षं तुम्ही पण हे एकट्याच वाहताय. गावच्या आशाताईंना विचारा, शेतकरी कुटुंबांसाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळतं. आणि मुलगी कधी स्वतःबद्दल, मला पण जगायचं नाही, असं काही बोलली, थट्टेत का होईना, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या वेळी सिनेमाला जाताना काय करायचं तेही लिहिलं होतंत खाली, तर मी जे करते ते सांगते. आकडा बघायचा पण तिथे थांबायचं नाही. शुक्रवारी जायचं नाही, चार दिवस थांबायचं आणि बघून आलेल्या माणसाला नेमकं विचारायचं. "कसा आहे" असं विचारलं तर "मस्त आहे, रडवलं" असं उत्तर येतं. विचारायचं की त्यात कुणी मरतं का, कसं, आणि ते दाखवलंय का नुसतं सांगितलंय. महिला मंडळाच्या ग्रुपवर असा प्रश्न टाका, पाच मिनिटांत उत्तरं येतात. आयएमडीबी म्हणून सिनेमांची माहिती देणारी साइट आहे, तिथे पालकांसाठी एक भाग असतो, बघणारे लोकच तो भरतात, हिंदी-इंग्रजीसाठी बरा पडतो पण मराठी सिनेमांना तिथे बऱ्याचदा काहीच भरलेलं नसतं, तर आपण बघून आल्यावर दोन ओळी भरायला काय हरकत आहे. तिकीट काढताना कडेची सीट घ्या. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की नको वाटलं तर माझा हात दाब, आपण उठू, पैशाचा विचार करायचा नाही. काही सिनेमे फोनवर यायची वाट बघितलेली बरी, तिथे ती ओळ तरी असते आणि थांबवता येतं.

शेवटी एक काम तुम्हाला देतेय. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्रॅम्स नाव आहे त्याचं, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या नावाने लिहा. दिराला बसवा सोबत, मराठीतच लिहा. मला लिहिलंत तेच लिहा, सिनेमा बंद करा असं नको, कुणाला शिक्षा नको, फक्त इतकंच की आकड्याच्या खाली एक ओळ द्या, पोस्टरवर, तिकिटाच्या ॲपवर आणि पडद्यावर, आणि ती सिनेमाच्या भाषेत असू द्या. मी माझं पत्र मागच्या आठवड्यात टाकलंय. तुमचं गेलं की मला कळवा, आणि पेटी आणल्यावर मुलगी काय म्हणाली तेही.